गाणी ऐकायला वेगळा प्लेअर घ्यावा का, आणि कितीचा?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका पस्तिशी ओलांडलेल्या, कोल्हापुरात राहणाऱ्या. नोकरीसाठी रोज सकाळच्या गाडीने मिरजेला जातात, संध्याकाळी परततात. हातात येणारा पगार ३४ हजार, घराचा हप्ता दोघं मिळून भरतात. जाता-येता खयाल, नाट्यपदं, भजनं ऐकायची जुनी सवय; पण फोनवर ऐकताना ऑफिसचे मेसेज, मुलाच्या शाळेचा ग्रुप आणि कर्ज घ्या म्हणणारे फोन यांत एकही राग सलग पुरा होत नाही. म्हणून गाण्यांसाठी वेगळा प्लेअर घ्यायचं त्यांनी ठरवलं आणि दिवाळीच्या बोनसमधले १२ हजार बाजूला ठेवले. चौकशी करता करता आकडा ३८ हजारांवर गेला, कारण ‘घ्यायचा तर हाय-रेझच (सीडीपेक्षाही बारकाईने साठवलेला आवाज वाजवणारा) घ्या, नाहीतर फोन काय वाईट आहे’ असं सगळीकडून ऐकायला मिळालं. आता ते १२ हजार घरात तसेच ठेवून पूर्ण रक्कम १२ महिन्यांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर घ्यायचा विचार चालू आहे. यजमान म्हणतात, ‘मोबाइल आहे की! त्यात गाणी वाजत नाहीत का?’ सासूबाईंसमोर विषय काढायची तर चोरीच. वडिलांच्या भजनी मंडळाच्या चाळीसेक कॅसेट माहेरी पडून आहेत, त्याही कधीतरी प्लेअरवर घ्यायच्या आहेत. त्या विचारतात: ‘ही चैन आहे का? कितीचा घेऊ? घरी काय सांगू?’

नमस्कार,

तुमच्या पत्राचा पहिला भाग आणि दुसरा भाग एकमेकांशी जुळत नाहीत, तिथूनच सुरुवात करते. पहिल्या भागात तुम्ही सांगता की गाणं मध्येच तुटतं. आवाज खराब येतो, अशी तक्रार त्यात कुठेही नाही. दुसऱ्या भागात मात्र सगळी चर्चा आवाजाच्या दर्जाची. मला वाटतं, ‘मला दोन तास कुणी हाक मारू नये’ हे कारण घरात सांगायला तुम्हाला अपुरं वाटलं असावं. त्यापेक्षा ‘आवाज चांगला येतो’ हे कारण वजनदार वाटलं. पण एकदा आवाजाचं कारण पुढे केलं की खर्चाला थांबायला जागा राहत नाही. प्रत्येक यंत्राच्या वर आणखी चांगल्या आवाजाचं एक यंत्र असतंच. कुणी मध्ये येऊ नये या गरजेला मात्र निश्चित किंमत असते, आणि ती तुम्ही बाजूला ठेवलेल्या १२ हजारांत बसते.

आकडा वर का चढला, तेही समजून घ्या. यात तुमची चूक नाही. सोनीचा पहिला वॉकमन जुलै १९७९ मध्ये आला, अ‍ॅपलचा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये. दोन्ही सर्वसाधारण माणसासाठी होते. पुढे फोनने ते काम उचललं, आणि मे २०२२ मध्ये अ‍ॅपलने आयपॉड बंद केला. मागे उरलेला बाजार मुख्यतः दर्दी लोकांचा आहे: घरी शांत खोलीत बसून, महागडे हेडफोन लावून, आवाजातला बारीकसा फरक शोधणाऱ्यांचा. परीक्षणं तेच लिहितात आणि त्यांच्यासारख्यांसाठीच लिहितात. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. तुम्ही ऐकणार पॅसेंजरच्या डब्यात, खिडकी उघडी, रुळांचा खडखडाट, शेजारी गप्पा. त्या आवाजात १० हजारांच्या आणि ३८ हजारांच्या प्लेअरमधला फरक तुमच्याच काय, परीक्षण लिहिणाऱ्यांच्या कानालाही लागणं कठीण आहे.

हाय-रेझबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं, कारण त्या एका शब्दापायी बरेच पैसे जातात. साध्या सीडीवर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं (नमुने) आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, अशा रीतीने आवाज साठवलेला असतो. त्यातून २२ हजार हर्ट्झपर्यंतच्या उंचीचा आवाज नीट परत मिळतो. माणसाचा कान तरुणपणी जेमतेम २० हजारांपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ती मर्यादा खाली येते. म्हणजे ऐकण्यापुरतं सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण पुरेसं असतं. शिवाय तुम्हाला आवडणारं बरंचसं संगीत जुन्या ध्वनिमुद्रणांतलं. तुम्ही रोज ज्या मिरजेला उतरता, तिथे पुढे स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांच्या काळातली तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरायची आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. त्या तबकडीवर जे उतरलं तेवढंच आपल्याला मिळतं. फाइल कितीही मोठी केली तरी त्यात भर पडत नाही. चांगल्या तबकडीवरून निगुतीने केलेली प्रत शोधायला वेळ द्या. यंत्रावर जास्त पैसे टाकण्यापेक्षा त्याने कितीतरी जास्त फरक पडेल.

आता यजमानांचा प्रश्न. ‘मोबाइल आहे की’ हा प्रश्न टोमणा म्हणून ऐकू नका. तो रास्त आहे आणि त्याचं उत्तर महिनाभरात, एक रुपया न घालवता मिळू शकतं. घरात जुना फोन असेलच. त्यातलं सिमकार्ड काढा, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, मेसेजची आणि व्हिडिओची अ‍ॅप काढून टाका, एअरप्लेन मोड लावा. व्हीएलसीसारखं साधं फुकट अ‍ॅप टाका, त्यात तुमच्या फाइली भरा आणि महिनाभर गाडीत तेवढ्यावरच ऐका. तुमचा रोजचा फोन पिशवीत, आवाज बंद करून. महिन्याने स्वतःला विचारा: राग पुरा ऐकून झाला का? की हात सारखा पिशवीतल्या फोनकडे जात होता? हात जात असेल, तर प्लेअर घेऊनही तो जाईल, आणि आधी त्याचा विचार करावा लागेल. शाळेचा ग्रुप सकाळच्या तासाभरात बघितला नाही तर खरंच काय अडतं, हा तो विचार. आणि ऐकणं मनासारखं होत असेल, जुन्या फोनची बॅटरी धड असेल, तर कदाचित तिथेच थांबता येईल. नवीन काहीच न घेणं हाही पर्याय पूर्ण मनाने विचारात घ्या.

जुना फोन पुरा पडत नाही, असंही होतं. बॅटरी दोन तासांत बसते किंवा फुगलेली असते. हेडफोनची पिन लावायला जागा नसते. (यूएसबी-सीला लावायची छोटी जोडवायर मिळते, चांगली हजाराच्या आतबाहेर.) गर्दीत उभं असताना पिशवीत हात घालून, न बघता गाणं थांबवता येत नाही. यातली एखादी अडचण खरोखर जाणवली, तर वेगळा प्लेअर घ्यायला सांगण्याजोगं कारण तुमच्या हाती आलं आणि यजमानांनीही ते महिनाभर पाहिलेलं असेल.

मग खर्चाचा क्रम उलटा लावा. बहुतेक जण आधी प्लेअर घेतात आणि उरलेल्या पैशांत इअरफोन. तुम्ही आधी इअरफोन घ्या. आवाजात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. कानात बसणारे वायरचे चांगले इअरफोन आज दीड ते अडीच हजारांत मिळतात. मूनड्रॉप, टँगझू, सेव्हनहर्ट्झ ही नावं या किमतीत नेहमी दिसतील. सोबत लहान-मोठ्या रबरी टोप्या येतात, त्या सगळ्या लावून बघा. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाची टोपी लागणं अगदी नेहमीचं आहे. टोपी घट्ट बसली की बाहेरचा खडखडाट निम्म्याने कमी वाटतो, तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येतो आणि मुख्य म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही.

आवाज न वाढवण्याची गोष्ट मी हट्टाने सांगते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे मोठ्या माणसांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तरी चालतं. ९० डेसिबलवर हीच मर्यादा आठवड्याला ४ तासांवर येते. तुमचा प्रवास रोज जाऊन-येऊन दोन तासांचा. गाडीचा आवाज दाबण्यासाठी तुम्ही गाणं ९० पर्यंत नेलंत, तर आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपला. ऐकण्याची शक्ती एकदा गेली की परत येत नाही. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी कमी, ७५ डेसिबलची आहे. मुलगा कधी तुमचे इअरफोन मागेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

वायरलेस इअरफोन आधीच घरात असतील तर तेही चालतील. मग हाय-रेझ प्लेअरचा विषयच मिटतो, कारण ब्लूटूथवरून जाताना गाणं पुन्हा एकदा दाबून लहान केलं जातं आणि प्लेअरमधल्या महागड्या भागाचा उपयोगच होत नाही. आवाज तयार होतो इअरफोनमधल्या चिपवर.

इअरफोननंतर फाइली. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. गाण्यांच्या अ‍ॅपवर महिन्याचे पैसे भरून तुम्ही जे ‘डाउनलोड’ करता, ते त्या अ‍ॅपच्या कुलपात असतं. ते काढून प्लेअरमध्ये टाकता येत नाही, आणि पैसे भरायचे थांबलात की ते फोनमध्येही वाजत नाही. तेव्हा प्लेअर घेण्याआधी एका कागदावर लिहा: माझ्याकडे माझ्या स्वतःच्या अशा किती तासांच्या फाइली आहेत? घरात सीडी असतील तर हजार-दोन हजारांचा बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणून त्या संगणकावर उतरवता येतात. विकत घ्यायची गाणी आयट्यून्स स्टोअर, बँडकॅम्प अशा ठिकाणी कुलपाशिवाय मिळतात. मोबाइलच्या दुकानात शंभर रुपयांत मेमरी कार्डात ‘गाणी भरून’ देतात, ती घेऊ नका. ती गाणाऱ्याला काही न देता उचललेली असतात. वर दर्जा वाईट आणि नावं चुकीची: भीमसेन जोशींच्या नावाखाली दुसराच कुणी गात असतो.

कार्ड १२८ जीबीचं पुष्कळ झालं. सीडीच्या दर्जाची फ्लॅक फाइल (आवाजातलं काही न गाळता लहान केलेली) तासाला साधारण ३०० एमबी घेते, म्हणजे त्यात ४०० तासांच्या आसपास संगीत मावतं. चांगल्या एमपीथ्रीत त्याच्या दुप्पट. कार्ड ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन घ्या. वर १२८ छापलेलं आणि आत जेमतेम आठ-सोळा भरणारं बनावट कार्ड बाजारात सर्रास मिळतं. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून सगळं वाजतंय ना, हे लगेच तपासा, म्हणजे परत करायची मुदत हातात राहते.

आता प्लेअर. हजार-दोन हजारांतले जे मिळतात ते गाणी वाजवतात, पण तुमच्यासारख्या ऐकणाऱ्याला तीन ठिकाणी खुपतात, आणि ही ठिकाणं परीक्षणांत फारशी येत नाहीत. पहिलं म्हणजे मराठी नावं. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात, नाहीतर जोडाक्षरं फुटून वेलांट्या भलतीकडे जातात. ‘विठ्ठल’चा ‘व’ एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. चाळीस कॅसेटचे अभंग अशा यादीत शोधून दाखवा म्हटलं तर अशक्य. दुसरं, दोन फाइलींमधली फट. सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, पण तबला थांबलेला नसतो. स्वस्त प्लेअर तिथे अर्धा सेकंद गप्प बसतो, आणि नेमकी त्या अर्ध्या सेकंदात सम निघून जाते. (एमपीथ्रीत ही फट जास्त पडते, फ्लॅकमध्ये सहसा पडत नाही, पण प्लेअरलाही सलग वाजवता यायला हवं.) तिसरं, जिथे थांबलात तिथून पुढे सुरू होणं. मिरज आलं, तुम्ही प्लेअर बंद केला, आणि संध्याकाळी पंचेचाळीस मिनिटांची फाइल पुन्हा पहिल्यापासून लागली, तर आठवड्यात वैतागून जाल.

पाच ते दहा हजारांच्या टप्प्यात फीओ, हायबी, शानलिंग या कंपन्यांचे काडेपेटीएवढे किंवा थोडे मोठे प्लेअर येतात. त्यांत कार्डाची जागा असते, वायरच्या इअरफोनना पुरेल एवढी ताकद असते आणि बरीच मॉडेलं फक्त गाणी वाजवतात. तुमचा प्लेअर याच टप्प्यात आहे. पण नावावर जाऊ नका. या तिन्ही गोष्टी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगवेगळ्या निघतात. एका कार्डात देवनागरी नावाची एक फाइल, सलग वाजायला हव्यात अशा दोन आणि एक लांबलचक, एवढं भरून न्या आणि दुकानात वाजवून बघा. ऑनलाइन घेणार असाल तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि वस्तू आली त्याच दिवशी हे करून बघा. देवनागरीच तेवढी अडत असेल आणि बाकी सगळं पसंत असेल, तर नावं रोमन लिपीत, पुढे ०१, ०२ असे आकडे घालून ठेवता येतात. तेवढ्यासाठी चांगला प्लेअर सोडू नका. चार्जिंगची पिन यूएसबी-सीची हवी. बटणं हाताला लागणारी हवीत. परदेशातून परस्पर मागवाल तर सीमाशुल्क वेगळं पडतं आणि बिघडल्यास दाद मागायला कुणी नसतं, म्हणून भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

तुम्ही पाहिलेला ३८ हजारांचा प्लेअर अँड्रॉइडवर चालतो, असं पत्रात आहे. तो उत्तम असेल. ज्यांचे हेडफोन चालवायला खूप ताकद लागते, किंवा ज्यांना गाण्यांची अ‍ॅप प्लेअरवरच हवी आहेत, त्यांच्या तो कामाचा. सोनीचा तर एक वॉकमन भारतात सत्तर हजारांच्या घरात आला होता आणि घेणाऱ्यांनी तो घेतला. तुमच्यासाठी मात्र अँड्रॉइड म्हणजे ज्यापासून लांब जायचं तेच पुन्हा खिशात. शिवाय असे प्लेअर फोनसारखे म्हातारे होतात: चार-पाच वर्षांत अ‍ॅप म्हणायला लागतात की तुमची प्रणाली जुनी झाली. साधा प्लेअर त्याची बॅटरी टिकेल तोवर पहिल्या दिवशीसारखाच वाजतो. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला नाही, तर तीही बरीच वर्षं टिकते.

हप्त्याबद्दल. ‘बिनव्याजी’ हप्त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुम्हालाच भरावा लागतो. ३८ हजारांवर, १२ महिन्यांसाठी, वर्षाला १५ टक्के दर धरला तर तो पाचशेच्या पुढे जातो. वर प्रक्रिया शुल्क, त्यावरही कर, आणि रोखीवर मिळणारी सूट बहुधा हातची जाते. रक्कम फार मोठी नाही. मला काळजी वाटते ती महिन्याला सव्वातीन हजारांची, पगाराच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाची, घराच्या हप्त्याशेजारी वर्षभर बसणारी. त्यात एखाद्या महिन्यात दवाखाना निघाला, की दर वेळी तो प्लेअर पाहून तुम्हाला अपराधी वाटेल. ज्या वस्तूने मन शांत व्हावं, ती अशी घेऊ नये. मनासाठीची वस्तू साठवलेल्या पैशांतून घ्यावी, एवढंच मी आग्रहाने सांगेन.

तुमचे १२ हजार साधारण असे जातील: इअरफोन दोन हजार, कार्ड हजार-दीड हजार, प्लेअर सहा-सात हजार, आणि दीड हजार कॅसेटच्या कामाला. शिल्लक राहील ती राहू द्या. पत्र वाचणाऱ्या ज्यांच्याकडे एकूण तीन-चार हजारच आहेत, त्यांनी जुना फोन, चांगले इअरफोन आणि जोडवायर एवढ्यावर भागवावं. ऐकण्यात काही कमी पडणार नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी काही शोधत असाल, ज्यांना फाइल, कार्ड यांतलं काही नको आहे, त्यांच्यासाठी सारेगामाचं कारवाँ २०१७ पासून बाजारात आहे. गाणी आधीच भरलेली, मराठी आवृत्तीही मिळते. एक बटण फिरवलं की झालं.

ही चैन आहे का, असं तुम्ही विचारलंत. घरात दुसरं कुणी स्वतःच्या आवडीसाठी वर्षातून एकदा दहा-बारा हजार खर्च करतं का? आणि ते करताना त्यांना अशी चोरी वाटते का? कुणावर बोट दाखवायला हे विचारत नाही. उत्तर तुम्ही तुमच्यापुरतं द्या. बारा-चौदा तासांच्या दिवसातले दोन तास, तेही प्रवासातले, तुम्ही स्वतःसाठी मागता आहात. यजमानांना एकूण आकडा आणि खरं कारण, दोन्ही एकदमच सांगा: ‘मला गाडीत कुणाचा फोन नको असतो, म्हणून एवढे पैसे घालते.’ सासूबाईंपासून लपवू नका. लपवलेली वस्तू सापडली की तिची किंमत मनात तिप्पट होते. त्यांना भजनं आवडत असतील तर एक दुपार इअरफोन त्यांच्या कानाला लावून द्या.

आणि कॅसेट. पत्रात त्या शेवटी, ‘कधीतरी’ म्हणून आल्या आहेत. मी त्यांना पहिल्या ठेवेन. प्लेअर पुढच्या दिवाळीला घेतला तरी आजच्यापेक्षा वाईट मिळणार नाही. कॅसेटच्या फितीवरचा लेप मात्र दमटपणाने सुटत जातो, बुरशी धरते, आणि ती वाजवणारी यंत्रंही कमी होत चालली आहेत. आधी चालू टेपरेकॉर्डर मिळवा. बंद पडलेला असेल तर बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. जुना दुरुस्ती करणारा तो थोडक्यात बदलून देईल. हेड (फीत ज्याला घासून जाते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. टेपच्या हेडफोनच्या जागेतून वायर लॅपटॉपच्या आवाज आत घेणाऱ्या जागेत जोडायची (लॅपटॉपला ती नसेल तर पाचशे-हजाराचं यूएसबी साउंडकार्ड लागतं), ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उघडून रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि कॅसेट वाजू द्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. चाळीस कॅसेट फ्लॅकमध्ये सगळ्या मिळून बारा ते अठरा जीबी होतील, म्हणजे त्या १२८ जीबीच्या एका कोपऱ्यात बसतील.

हे काम माहेरी, वडिलांना शेजारी बसवून करा. कोणता अभंग कोण गातंय, पखवाजावर कोण, कुठल्या गावच्या सप्ताहातलं हे, सगळं त्यांना सांगता येईल आणि ते दुसऱ्या कुणालाही माहीत नसेल. ते सांगतील तसं फाइलच्या नावात आणि एका वहीत लिहून घ्या. फितीवरची मूळ प्रत काटछाट न करता तशीच ठेवा. तुकडे करायचे ते तिच्या दुसऱ्या प्रतीवर. एक प्रत तुमच्या लॅपटॉपवर, एक भावाकडे वेगळ्या हार्ड डिस्कवर. कॅसेट मात्र फेकू नका, कोरड्या डब्यात उभ्या ठेवा.